अमावास्येचं तिकीट

आमच्या धंद्यात अमावास्या म्हणजे भाकड दिवस. अष्टविनायकाची बस असो, काशी-अयोध्या असो की अलीकडे सुरू केलेली दुबई, शिरूर-दौंडकडचा माणूस अमावास्येला प्रवासाला निघत नाही. अपवाद सोमवतीचा, तेव्हा जेजुरीला गाड्या पुरत नाहीत. त्यामुळे २०२५ च्या पाडव्याआधीची अमावास्या धरून मी स्वीडनची सहल आखायला घेतली, तेव्हा वहीत हिशेब मांडत बसलेल्या माझ्या भावानं मान वर करून विचारलं, "ताई, येणार कोण?"

मागणी आली होती व्हॉट्सअॅपवरून. मे २०२४ मध्ये १० तारखेच्या रात्री सूर्याकडून निघालेलं वादळ पृथ्वीवर येऊन आदळलं. २००३ नंतरचं ते सगळ्यांत जोराचं. लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी त्या रात्री क्षितिजावर नॉर्दर्न लाइट्सची लाल झाक टिपली. ते फोटो फिरत फिरत न्हावरे, केडगाव, पाटस असे गावोगाव पोचले आणि दुकानात चौकशा सुरू झाल्या. "ताई, लडाखला दिसतंय की ते. विमानानं किती पडतील?" मी प्रत्येकाला सांगत होते की लडाखचं हे दृश्य क्वचित कधीतरीचं, तेही बहुतेक कॅमेऱ्यालाच दिसलेलं. त्या भरवशावर सहल काढली असती तर लोक मलाच लडाखला सोडून आले असते. नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे अरोरा, नेमानं दिसतात ते उत्तर ध्रुवाभोवतीच्या एका कड्यासारख्या पट्ट्यात. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या तिन्ही देशांचा उत्तरेकडचा भाग त्या पट्ट्याखाली येतो. तिथे वादळाची गरज नसते. सूर्याकडून वाहत येणारे कण रोजच येत असतात, पृथ्वीचं चुंबकक्षेत्र त्यांना ध्रुवांकडे वळवतं, आणि शंभर किलोमीटरच्या वर हवेतल्या ऑक्सिजनला ते धडकले की हिरवा प्रकाश निघतो. बरंच वर, दोनशे किलोमीटरच्या पलीकडे, तोच ऑक्सिजन लाल दिसतो.

हे मला शिकवलं आमच्याच एका गिऱ्हाईक बाईंनी. शिरूरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. विज्ञान दिनाला मुलांना घेऊन त्या खोडदला जायच्या, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या दाखवायला. त्यांनीच सांगितलं की सूर्याचं चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं, आणि ते ऐन भरात असल्याचं नासानं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलंय. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून कळली, आणि माझं सगळं नियोजन तिच्यावरच उभं राहिलं. दिवस-रात्र सारखी असते त्या सुमाराला, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे, सौरवाऱ्यातलं चुंबकक्षेत्र आणि पृथ्वीचं चुंबकक्षेत्र एकमेकांना भिडायला जास्त सोयीची स्थिती असते. रसेल आणि मॅकफेरॉन या दोघांनी १९७३ साली तिची फोड केली. थोडक्यात, त्या दिवसांत आकाश जास्त पेटतं.

मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर पसरलं. चंद्र नको, म्हणजे अमावास्येच्या आसपास. दिवस-रात्र सारखी हवी. मग वर्षात दोनच जागा उरतात. एक पाडव्याच्या आधीची अमावास्या, दुसरी सर्वपित्री. दोन्ही आमच्याकडे शुभकार्याला वर्ज्य! पितृपक्षात तर नव्या सहलीचं नावही कुणी काढत नाही. पण गिऱ्हाईक जी तिथी टाळतं, तिच्या आसपास मुंबईहून निघणारी तिकिटंही जरा हलकी असतात, हा माझा अनुभव. आणि तिकडे युरोपात नाताळ-फेब्रुवारीची गर्दी ओसरलेली असते.

पाडव्याची अट एकच पडली. ३० मार्चला गुढी घरच्या दारात उभी राहिली पाहिजे. म्हणजे २९ ला माणसं घरी. त्या अमावास्येला खंडग्रास सूर्यग्रहणही होतं. आपल्याकडे दिसणार नव्हतं, पण उत्तर युरोपात दिसणार होतं. ते कळल्यावर दोघं गळले. कांदेवाले तर आधीच गळले होते; मार्चमध्ये गावरान कांद्याची काढणी, मजूर मिळत नाहीत, कोण शेत सोडणार? उरले ते ऊसवाले. त्यांचा ऊस तुटून गेला होता, कारखान्याकडून पैसे येत होते. त्यांच्या जोडीला दौंडचे एक निवृत्त लोको पायलट अण्णा आणि काकू. आणि बाई.

आता ठिकाण. या सहलीत स्वस्त कुठलं आणि सुखाचं कुठलं, असे दोन वेगळे प्रश्न लोक विचारतात. माझ्या मते प्रश्न एकच आहे. जाहिरातीत काचेचा इग्लू असतो, अंथरुणात पडून आकाश बघायचं. एका रात्रीचं भाडं ऐकून ऊसवाले म्हणाले, यात आमची एक विहीर होईल. आणि त्या एका रात्री ढग आले तर? ट्रॉम्सोला जायचं तर समुद्रकाठची ढगाळ हवा, म्हणून तिथे रोज संध्याकाळी बसमध्ये बसून मोकळं आकाश शोधत पहाटेपर्यंत फिरायचं. त्याचे माणशी वेगळे पैसे. साठी उलटलेल्या गुडघ्यांना आणि दर दोन तासांनी बाथरूम लागणाऱ्या माणसाला हे झेपत नाही. रशियातलं मुर्मान्स्क सगळ्यांत स्वस्त पडतं. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, आपल्याकडचे बरेच एजंट तेच विकतात. पण तिथे आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं चालत नाहीत, सगळी रोकड खिशात घेऊन फिरायचं, आणि युद्धामुळे विमानतळ कधी बंद होईल याचा नेम नाही. तरण्या पोरांनी जावं. काकूंना घेऊन मी जाणार नाही.

आबिस्को हे स्वीडनच्या पार उत्तरेचं छोटं गाव, आर्क्टिक वृत्ताच्या बरंच वर. पश्चिमेकडचे डोंगर समुद्रावरून येणारं बाष्प अडवतात, म्हणून इथलं आकाश आजूबाजूच्या मानानं जास्त मोकळं असतं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत जन्म काढलेल्या आम्हाला हे समजावून सांगावं लागलं नाही. गावाला लागून टोर्नेट्रॅस्क नावाचं लांबच लांब तळं, मार्चमध्ये गोठलेलं. हॉस्टेलचं दार उघडलं की पाच मिनिटांत तळ्याकाठी, डोक्यावर उघडं आकाश. थंडी वाजली की परत आत, गरम खोली, चहा, बाथरूम. बस नाही, गाइड नाही. आणि हॉस्टेलात सगळ्यांसाठी स्वयंपाकघर. स्वीडनमध्ये साध्या हॉटेलात दोन वेळचं जेवण हा खर्चाचा मोठा डोंगर असतो. तो असा एका झटक्यात सपाट होतो. वाचलेल्या पैशांत मी रात्री वाढवल्या. आकाश दिसण्याची शक्यता वाढवायचा एवढा एकच मार्ग माणसाच्या हातात आहे. तीनपेक्षा कमी रात्रींची सहल मी विकत नाही.

खरी परीक्षा व्हिसाच्या फाइलची होती. सहलीच्या सगळ्या कामात माझा सर्वाधिक वेळ तिच्यावरच गेला. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तर हे पैसे बुडाले. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. हे सोपं. अवघड प्रश्न असा की या माणसाचं उत्पन्न काय आणि हा परत येणार कशावरून? पुण्यातला नोकरदार पगाराची स्लिप आणि आयटीआर जोडतो, संपलं. आमच्या ऊसवाल्याचं शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयुष्यात कधी रिटर्न भरलेलं नाही. खात्यावर वर्षातले आठ महिने शांतता, मग एकदम चार लाख जमा. दिल्लीच्या दूतावासात बसलेल्या अधिकाऱ्याला वाटणार, व्हिसासाठी कुणाकडून तरी उसने घेऊन भरलेत.

म्हणून आम्ही प्रत्येकाच्या अर्जाला एक पत्र जोडलं. त्यात साखर कारखान्याचा हंगाम समजावून सांगितला. गाळप कधी सुरू होतं, उसाला एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर कसा मिळतो, ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम काय आहे. खात्यातल्या प्रत्येक मोठ्या रकमेसमोर कारखान्याच्या बिलाची पावती लावली. सातबारा, आठ अ, त्यांचं इंग्रजी भाषांतर, नोटरी. सातबाऱ्यावर आणि पासपोर्टवर नावाची स्पेलिंगं वेगळी, तर त्याचं प्रतिज्ञापत्र. बायकांच्या नावावर ना जमीन ना खातं, मग नवऱ्याचं खर्च उचलण्याचं पत्र. एका वहिनींचं लग्न चाळीस वर्षांपूर्वी मांडवात लागलेलं, नोंदणीचा दाखला कुठला असणार? पासपोर्टवर नवऱ्याचं नाव होतं म्हणून निभावलं.

परत येणार कशावरून, याचं उत्तर शेतातच होतं. ऊस तुटल्यावर त्याच मुळांवर खोडवा फुटतो. मी शेतात जाऊन फोटो काढले आणि पत्रात लिहिलं की या पिकाला एप्रिलपासून दर आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावं लागतं, अर्जदार नसेल तर ते जळेल. माझ्या डोळ्यांसमोर आलेली ही सगळ्यांत पटणारी हमी होती. व्हिसे आले. ज्या दिवशी आले त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना आठवण करून दिली की लोकमान्यांनी १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' लिहून आपले पूर्वज उत्तर ध्रुवाकडचे ठरवले होते. तो सिद्धांत आज कुणी धरून बसलेलं नाही, पण अण्णांना तो फार आवडला. "पूर्वजांच्या गावाला जायला नव्वद युरो?" असं ते नंतर प्रत्येकाला विचारत सुटले.

सामानाची यादी करताना वाद झाला तो तुपावरून. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, चक्का नाही. ताजी भाजी आणि कढीपत्तासुद्धा नाही. आमच्या भागातून कांदा न घेता निघायचं हे वहिनींना अपशकुनासारखं वाटलं. पण ज्वारीचं पीठ, बेसन, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तांदूळ, डाळी, भाजून दळलेले मसाले हे सगळं गेलं. मसाला घरूनच भाजून न्यायचा, कारण तिथल्या स्वयंपाकघरात मोहरीची फोडणी तडतडली की छतावरचा धुराचा अलार्म बोंबलतो. कपड्यांचं एकच सूत्र सांगितलं. अंगाला सुती कापड लागू द्यायचं नाही; घाम शोषतं आणि मग गार पडतं. आत थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाड कोट-पँट. ते वरचं आणि बूट तिथे भाड्यानं मिळतात, विकत घेऊन घरात वर्षानुवर्षं लटकवायची गरज नाही. बर्फावर घसरू नये म्हणून बुटांच्या तळाला खिळ्यांची रबरी पट्टी बसवायची. ही वस्तू दोन-चारशे रुपयांची, पण हाड मोडण्यापासून वाचवते. एका काकांनी यादीत नसलेली धनगरी घोंगडी आणली होती. तळ्याच्या बर्फावर अंथरली, आणि अख्खा ग्रुप आळीपाळीनं तिच्यावर बसला.

मुंबईहून आखातात विमान बदलून स्टॉकहोम. पुढे विमान न घेता रात्रीची रेल्वे घेतली, हा निर्णय पैशाचाही होता आणि अण्णांचाही. संध्याकाळी बसायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी आबिस्को. सहा बर्थचा कप्पा आपलाच, अंथरूण-पांघरूण मिळतं, एका रात्रीचं हॉटेल वाचतं. खालचे बर्थ गुडघ्यांना. अण्णा मात्र झोपलेच नाहीत. दौंडला मनमाडकडून आलेल्या गाड्यांची इंजिनं फिरवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. इंजिन न फिरवता गाडी पुढे नेणारी कॉर्ड लाईन झाली तेव्हा ते निवृत्तीला आले होते. किरुनाच्या पुढे बाजूच्या रुळावर खनिजाची मालगाडी उभी दिसली, तेव्हा त्यांनी वाघिणी मोजल्या. अडुसष्ट. आठ हजार टनांच्या वर वजन, नार्विकच्या बंदराला जाणारं लोखंडाचं खनिज. याच मार्गावर डिसेंबर २०२३ मध्ये अशीच एक गाडी घसरली होती आणि दोन महिने लाईन बंद पडली होती. म्हणून मी बससाठी थोडी रक्कम बाजूला राखून ठेवली होती. ती लागली नाही. त्या मार्गावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वीज आली हे कळल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "दौंडला वायर यायला किती वर्षं लागली, मला विचार."

परतताना किरुनाला उतरलो. खालच्या खाणीमुळे जमीन खचतेय म्हणून तिथल्या गावाचा मोठा भागच हलवतायत. १९१२ सालचं मोठं लाकडी चर्च तेव्हा जुन्या जागीच होतं. नंतर ऑगस्टमध्ये ते सबंध उचलून पाच किलोमीटर नेलं. आमच्यातल्या एका काकांचं घर उजनीच्या पाण्यात गेलेलं. पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर दिसतं, तेवढंच त्यांचं जुनं गाव. चर्च हलतानाचा व्हिडिओ त्यांनीच मला पाठवला. खाली काहीही लिहिलं नव्हतं.

आता दिव्यांचं. पैसे घेण्याआधी मी प्रत्येकाला एक गोष्ट सांगते आणि ती कागदावरही देते. डोळ्यांना ते फोटोसारखं दिसत नाही. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, म्हणून फिकट अरोरा राखाडी ढगासारखा दिसतो. तोच फोनमध्ये हिरवा येतो. जोर वाढला तरच डोळ्यांना हिरवा. आणि दिसलाच नाही तर पैसे परत नाहीत. हे ऐकून जे उठून जातात त्यांना मी थांबवत नाही.

सुरुवातीला ढगच होते. मला वाटलं होतं, माणसं कुरकुरतील. पण आमच्याकडे शेतीची वीज आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची असते. भर थंडीत, बिबट्याच्या भीतीनं काठी-बॅटरी घेऊन, मध्यरात्री उसाला दारं धरायला जाणारी ही माणसं. काळोखात उभं राहून वाट बघणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. इथे तर बिबट्याही नव्हता. रात्री साडेआठला जेवण, मग दोघादोघांची पाळी. पाळीवाल्यांनी बाहेर उभं राहायचं, बाकीच्यांनी आत झोपायचं. फोन कोटाच्या आतल्या खिशात, नाहीतर थंडीनं बॅटरी मरते. अंदाजाची अॅप मी बघत होते, पण अर्ध्या तासापलीकडचं त्यांचंही फारसं खरं नसतं.

ज्या रात्री आकाश फाटलं, त्या रात्री वहिनींची पाळी होती. तळ्याच्या पलीकडच्या डोंगरावर एक फिकट पट्टा आडवा पडला होता. त्या म्हणाल्या, ढगच आहे. पाळीवरच्या काकांनी फोन धरला, तर हिरवा. आम्ही सगळे बाहेर आलो, कुणाच्या टोप्या उलट्या, कुणी एकाच हातमोज्यानं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पट्ट्याच्या एका टोकाला चुणी पडली आणि ती चुणी भरभर पळत दुसऱ्या टोकाला गेली, मागून दुसरी, आणि पट्टा डोक्यावर आला. आता डोळ्यांनाही हिरवा दिसत होता, खालच्या काठाला जांभळट-गुलाबी. आवाज काहीच नाही. आवाज आमचाच. मागून एक ऊसवाले ओरडले, "थ्री फेज आली रे!" आणि सगळे पोट धरून हसले, शेजारच्या हॉस्टेलातली जर्मन पोरं आमच्याकडे बघत राहिली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या घोंगडीवर आडव्या पडून वर बघत होत्या, आणि काकू त्यांच्या पायावर शाल घालत होत्या.

परत आल्यावर हिशेब केला. माणशी दोन लाखांच्या थोडं वर गेलं. सगळ्यांत जास्त विमानाला. स्वीडनमधलं जेवण जवळजवळ फुकट. त्या रकमेवर पाच टक्के जीएसटी. शिवाय परदेशी सहलीवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर. तेव्हाच्या नियमानं सात लाखांपर्यंत पाच टक्के. म्हणजे माणशी दहा हजार सरकारजमा. नोकरदार माणूस ते रिटर्नमध्ये परत घेतो. ऊसवाल्यांनी रिटर्न कधी भरलंच नव्हतं, आणि दहा हजार सोडायला ते तयार नव्हते. जुलैमध्ये मी त्यांना शिरूरच्या एका सीएकडे पाठवलं. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवून त्यांनी आयुष्यातलं पहिलं रिटर्न भरलं, पैसे खात्यावर आले. आता त्यांच्या फायलीत आयटीआर आहे आणि पासपोर्टवर शेंगेनचा शिक्का आहे. पुढच्या व्हिसाला खोडव्याचे फोटो लागायचे नाहीत. अण्णांना पुन्हा रेल्वेनंच कुठेतरी जायचंय. वहिनी म्हणतात, आता जरा उबदार ठिकाणी ने, दुबईचे रेट काय चाललेत?